बकरीने खाल्लेली पानं

उगोयेच्या परसातलं नचान्वूचं झुडूप असं माजलं होतं, की नुसता धक्का लागला तरी वास अंगणभर सुटायचा. पण रविवारी चर्चमधल्या बायका तिच्याकडे जेवायला यायच्या होत्या, आणि रश्शात ही पानं कमी पडली तर त्या वर्षभर बोलून दाखवणार. म्हणून शेजारची म्बाफोर दारात येऊन "ओबीची आई, मूठभर पानं दे गं, लेक बाळंत झालीय, तिच्या रश्शात घालायचीत," म्हणाली, तेव्हा उगोयेने दार अडवलं.

"कुठली पानं गं बाई! बकरीने बुडख्यापर्यंत फस्त केलं झुडूप."

बकरी कुणाची, ते ती बोलली नाही. पण गल्लीत बकरी एकट्या म्बाफोरचीच होती. तिचा चेहरा उतरला.

रविवारी सकाळी उगोये परसात पानं खुडत असताना पुढच्या दारातून हाक आली. ती तशीच धावली. दारात म्बाफोर उभी होती, हातात केळीच्या पानात गुंडाळलेली बकरीची तंगडी.

"कापली मेलीला! दुसऱ्याच्या परसात तोंड घालणारं जनावर ठेवून काय करायचंय? हा तुझ्या नुकसानीचा वाटा. आज पाहुण्यांना होईल." म्बाफोर ओशाळं हसली. "लेकीच्या रश्शात पानं तेवढी नव्हती बघ. पण प्यायली बिचारी, काही बोलली नाही."

तिने तंगडी पुढे केली. उगोयेला हात पुढे करता येईना. दोन्ही मुठी पाठीमागे होत्या, पानांनी भरलेल्या, आणि त्यांचा वास दारापर्यंत आला होता.