महिपती आबांचं आत्मचरित्र

"दुसरी कॉपी?" पेनड्राइव्ह हातात घेत समरीननं विचारलं.

"न्हाई," मुक्ताबाई म्हणाल्या. "मागल्या म्हैन्यात व्होल्टेज वाढलं, घरचा जुना कॉम्प्युटर जळाला. ह्यो त्यालाच लावलेला हुता."

पुण्यातल्या दोन दुकानांनी हात टेकले, तेव्हा त्या कार्ल्याहून बस धरून लोणावळ्यात समरीनच्या डीटीपीच्या दुकानात आल्या होत्या. समरीन लग्नपत्रिका आणि फ्लेक्स करायची, पण जुन्या मराठी फॉन्टची तिला चांगलीच जाण होती.

फाइलचं नाव होतं 'आत्मचरित्र'. मुक्ताबाईंचे यजमान महिपती आबा म्हणजे मावळातलं मोठं नाव. बायकांच्या सोसण्यावर लिहिणारा लेखक! समरीनच्या शाळेत त्यांचं भाषण झालं होतं आणि ती दोन रुमाल भिजवून रडली होती. आबांना जाऊन दहा महिने झाले होते.

"वर्षश्राद्धाला पुस्तक निघालं पायजे," मुक्ताबाई म्हणाल्या. "समद्या मावळाच्या हातात. एक ओळ बी गळू देऊ नगं, पोरी."

"मावशी, निघालेलं तुम्हाला दाखवू का मधे?"

"मला कशापायी? मला समदं ठावं हाय."

बिचारी, समरीनला वाटलं. हिला काय ठाऊक असणार!

फाइल नेहमीसारखी उघडेना. समरीननं ती साधा मजकूर म्हणून उघडली, कचऱ्यातून तुकडे वेचले आणि त्यांना पंधरा वर्षांपूर्वीचा फॉन्ट लावला. पडद्यावर सरळ, वाचता येणारं मराठी उमटलं. ती एकटीच हसली. मग वाचू लागली.

'ताटात केस निघाला. मी ताट तिच्या अंगावर रिकामं केलं आणि तिलाच पुसायला लावलं. आमटी उकळती होती. मांडीला फोड आले. पाणी लागलं की तीन दिवस चरचरायचं. संध्याकाळी मी तळेगावात स्त्रियांच्या दुःखावर बोललो. टाळ्या थांबेनात.'

समरीनला शिसारी आली. पश्चात्तापाचा एक शब्द नाही! आणि ते चरचरणं ह्याला कसं कळलं? म्हणजे हा माणूस बघत बसला होता. मजा घेत होता.

'मुलगी झाली म्हणून मी दारातूनच फिरलो. चौथ्या दिवशी बाळंतिणीला पाण्यासाठी विहिरीवर धाडलं. टाके उसवले. मला लेख पूर्ण करायचा होता.'

तिनं पुढचं पान उघडलं.

पानामागून पान हेच. एकसष्ट पानं जोडायला तीन दिवस लागले आणि त्या तीन दिवसांत तिला धड जेवण गेलं नाही. शाळेत आपण ह्या माणसासाठी रडलो, याची तिला स्वतःचीच किळस वाटली. आणि मुक्ताबाई हे पुस्तक गाव बोलावून वाटणार होत्या! मेल्यावरही हा माणूस बायकोला चारचौघांत नागवी करणार होता.

शेवटचं पान जोडून झालं तेव्हा समरीनचं ठरलेलं होतं. तिनं जोडलेली फाइल कायमची पुसली. पेनड्राइव्ह फॉर्मॅट केला, त्यात लग्नपत्रिकांचे फोटो गच्च भरले आणि तेही पुसले. आता कुठल्याही तज्ज्ञाला त्यातून काही काढता आलं नसतं. त्या दुपारी ती पोटभर जेवली.

दुसऱ्या दिवशी मुक्ताबाई आल्या.

"माफ करा मावशी. काहीच निघालं नाही."

"काईच न्हाई?"

"एक अक्षरही नाही."

मुक्ताबाई स्टुलावर बसल्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळत आणि सोडत राहिल्या. समरीनला ते बघवेना.

"मावशी, खरं सांगते. निघालं होतं सगळं. मी वाचलं. आबांनी तुमच्याबद्दल जे लिहिलंय ना, ते लोकांनी वाचू नये म्हणून मीच पुसून टाकलं. तुमची शोभा झाली असती हो."

मुक्ताबाईंनी बोटाला गुंडाळलेला पदर सोडला.

"त्यांनी कुटं लिवलंय, पोरी?" त्या म्हणाल्या. "ते गेल्यापास्नं एका बोटानं मी टाइप करत हुते. माज्या तोंडचं कुनी खरं मानलं नसतं, म्हनून त्यांच्या नावानं लिवलं."