परातीवरच्या काठ्या

"सुरा ने, पण आज नको," मिमूंत लेकाला म्हणाली. "थंडी पडू दे."

"खून करायलाही आता मुहूर्त बघायचा का, यम्मा?"

"थंडी पडली की अख्खा गाव किफ बडवायला बसतो. किंकाळी कुणाच्या कानावर जायची नाही. शुऐबचेही दोन्ही हात गुंतलेले असतील, पाठ दाराकडे." तिनं जवाची भाकरी त्याच्यापुढे सरकवली. "एक पोर मातीत घातलंय, हद्दू. दुसरं घालायची ताकद नाही माझ्यात."

पंधरा दिवसांपूर्वी पाटाच्या पाण्यावरून शुऐबनं हद्दूच्या थोरल्या भावाचं डोकं फावड्यानं फोडलं होतं. पाटाजवळचा दगड अजून काळा होता. आठव्या वर्षी मामाकडे तांजियरला गेलेला हद्दू मयतीला आला आणि राहिला. रिफच्या या डोंगरातलं त्याला फारसं काही आठवत नव्हतं. आठवत होता तो बडवण्याचा आवाज. परातीवर ताणलेलं कापड, त्यावर किफची, म्हणजे गांजाची, वाळलेली रोपं, वर दोन काठ्या. फुलांवरच्या राळेचे बारीक दाणे कापडातून खाली गळायचे. सगळी नशा त्या दाण्यांत.

चार दिवस झाले तरी पूर्वेचा गरम वारा थांबेना. दुपारी आई झऱ्यावर गेली होती. हद्दू अंगणात आला आणि जागीच थबकला. वरच्या आळीतून आवाज येत होता. टपटप, टपटप. शुऐबच्याच घरातून!

"बसला की हरामखोर!" त्याचं रक्त उसळलं.

सुरा त्यानं छपराखाली रोपांच्या गंजीत खुपसून ठेवला होता. उपसला तर मूठ राळेनं माखलेली, बोटांना घट्ट चिकटणारी. बरंच झालं, ऐनवेळी निसटायची नाही.

शुऐबच्या दाराशी कुत्रं गुरगुरलं. हद्दूनं एका फटक्यात त्याचा गळा चिरला. गरम रक्त मनगटावर आलं, आणि त्याला चक्क बरं वाटलं. आत काठ्यांचा ताल जराही चुकला नाही.

लाथ घालून त्यानं दार उघडलं. अंधारात पाठमोरं कुणी बसलं होतं, डोक्यावर लोकरी झग्याची टोपी ओढून. हद्दूनं ती टोपी पकडून मान मागं खेचली आणि सुरा गळ्याला लावला.

शुऐबची म्हातारी आई होती. गाल ओले झालेले. समोरच्या कापडावर एक काडीसुद्धा नव्हती.

मागं दार लागलं. कडी सरकली.

"अशा उकाड्यात राळ चिकटून बसते, दाणा गळत नाही," दाराआड उभा असलेला शुऐब फावडं उचलत म्हणाला. "एवढंही कुणी सांगितलं नाही का रे तुला?"

म्हातारीचे हात थांबले.

"थांबू नकोस, यम्मा. बडवत राहा."