माहेरची माती

“माहेराहून येताना लाडू नकोत, पिशवीभर माती आणा,” हौसाक्का आम्हा सुनांना दटावायची. खडीच्या खाणीने गावची टेकडी खाल्ली होती. उरलेल्या कातळावर लावलेली रोपं दोनदा जळाली होती.

आम्ही हसलो, पण एसटीतून माती आणून तिथले खड्डे भरले. आता करंज, शिसव, कडुनिंब उभे आहेत. आक्का त्यांना आमच्या माहेरगावांच्या नावांनीच हाका मारते.

तिच्या माहेरचं झाड मात्र नव्हतं. ते गाव धरणात गेलेलं.

यंदा वैशाखात धरण आटलं, गाव उघडं पडलं. मी तिथली पिशवीभर माती आणून तिच्या पुढ्यात ठेवली. आक्का मूठभर माती उचलून हुंगत बसली.

मग पदर खोचून उठली.

“खड्डा मोठा घे गं,” म्हणाली, “आमचं गाव मोठं होतं.”