राहीबाईची माती

सहादेवनं माळवदावर चढून कोपऱ्यातल्या तुळईखाली पहार घातली, तेव्हा खाली अंगणात त्याची आई राहीबाई निजवलेली होती. दिवस उगवायलाच तिचा जीव गेला होता. सुनेनं, चांगुणानं, तिचं अंग ओल्या फडक्यानं पुसून घेतलं होतं. अंघोळ घालण्याएवढं पाणी टँकरनं दोन दिवसांत दिलं नव्हतं.

"तीच काढ," खालून आप्पासाहेब ओरडले. ते सहादेवचे चुलते, भावकीतले वडीलधारे. "सागाची हाय. अशा दोन निघाल्या तरी सरण हुईल."

दुसरं लाकूड नव्हतंच. बहात्तरचं साल कोरडं गेलं आणि आता चैत लागला होता. बांधावरच्या बाभळी आधी पाल्यासाठी ओरबाडल्या गेल्या, मग बुंध्यापासून तुटल्या. गोठा चुलीत गेला. बैलं छावणीत, त्यामुळं घरात गोवरीसुद्धा नव्हती. सकाळी एकजण सायकलवर पाथर्डीच्या वखारीत जाऊन आला. तिथं नुसता भुसा उरला होता.

सहादेवनं पहारीवर जोर दिला. तुळई करकरली, वरची माती भसकन आत पडली.

"थांबा!" चांगुणा म्हणाली. चुलतसासऱ्यासमोर ती कधी बोलायची नाही. पदर पुढं ओढून ती भिंतीशी आली. "आत्याबाईंनी काल सांगितलंय मला. म्हनल्या, माझ्यापायी घर उघडं करू नका. वगळीच्या रानात खड्डा घ्या अन् तिथं ठिवा मला."

"पुरायची?" आप्पासाहेबांचा आवाज चढला. "ती काय तान्हं लेकरू हाय? का गोसावी हाय? आपल्यात आग देत्यात."

"तान्ह्याच झाल्त्या की, मामा." चांगुणाला हुंदका आवरेना. "पंधरा दिस मी त्यास्नी बोंडल्यानं पानी पाजत हुते."

सहादेवनं पहार खाली ठेवली. सहादेवला सकाळचं आठवलं. आईला त्यानं एकट्यानंच उचलून बाहेर आणलं होतं. उचलताना त्यानं जोर केला आणि त्याचा तोल गेला. एवढा जोर लागलाच नाही. दुष्काळी कामावर मिळणारी सुकडी ती ओच्यात बांधून घरी आणायची. "मी तिथंच खाल्ली," म्हणायची आणि नातींच्या हातावर ठेवायची. हे सहादेवला कळत होतं. कळत असून त्यानं तिला एकदाही विचारलं नव्हतं.

बापाला त्यानं छातीएवढ्या उंच सरणावर ठेवलं होतं. सारं गाव आलं होतं. आईचंही तसंच करायचं, घर पडलं तर पडलं, असं ठरवून तो वर चढला होता. त्यानं फटीतून खाली पाहिलं. उन्हाचा एक पट्टा घरात उतरला होता आणि त्याच्या दोन्ही पोरी त्या पट्ट्यातून सरकून भिंतीच्या सावलीला जाऊन बसल्या होत्या.

त्यानं तुळई परत जागेवर बसवली. हातानं माती ओढून फट बुजवली आणि तो खाली उतरला.

"आप्पा, आईचं ऐकायचं."

"भावकी दाराशी यायची न्हाई, सहादू."

"न्हाई तर न्हाई."

वगळीचं रान म्हणजे ओढ्याकाठचा त्यांचा काळा तुकडा. पलीकडंच बंधाऱ्याचं दुष्काळी काम चालू होतं. राहीबाई गेल्या महिन्यापर्यंत त्याच कामावर घमेली द्यायला जायची. आईला उचलून आणून बांधाशी ठेवलं, चांगुणा तिच्यापाशी बसली आणि सहादेव एकटाच खणायला लागला. टिकाव आपटून उलटा येत होता. वीतभर खोल जायला त्याला तास लागला.

दुपारची सुट्टी झाली तशी कामावरची माणसं ओढा ओलांडून आली. कुणी बोलवायला गेलं नव्हतं. गडी टिकाव-फावडी घेऊन खड्ड्यात उतरले. बायका काठावर ओळीनं उभ्या राहिल्या आणि भरलेली घमेली एकीकडून दुसरीकडं जाऊ लागली. रोजच्यासारखीच.

थोड्या वेळानं आप्पासाहेब आले. पाठ फिरवून बांधावर बसले. खड्डा कमरेएवढा झाला तसे गडी थांबले. तेव्हा ते उठले, काठावर येऊन वाकले, आत बघत राहिले.

"एवढ्यानं भागत न्हाई," ते म्हणाले. "आनखी हातभर घ्या खाली. कुत्री लई उपाशी हायती."

सहादेव पुन्हा उतरला. चारदोन घाव घातल्यावर टिकावाचा आवाज बदलला. आतून काळं ढेकूळ निघालं. त्यानं ते हातात घेऊन दाबलं. ते फुटलं नाही. त्यावर त्याची बोटं उमटली.

"वल हाय," तो म्हणाला.

काठावरची माणसं पुढं सरकली. वर्षभरात त्या शिवारात कुणी ओली माती बघितली नव्हती. पण आनंद दाखवायची ती वेळ नव्हती. एकमेकांकडं बघून सगळे मागं झाले.

राहीबाईला खाली ठेवलं. सहादेवनं तिच्या ओठांवर पाण्याचे दोन थेंब सोडले. मग एकेकानं ढिगावरची ओली माती मूठमूठ घेऊन टाकली. आधी सहादेवनं, मग चांगुणानं. आप्पासाहेबांनीही टाकली.

शेवटी राहिली बनुबाई. कामाच्या ओळीत ती नेहमी राहीबाईच्या शेजारी उभी राहायची. तिनं मूठ भरून घेतली, पण ती टाकेना. कामावर परत बोलावणारी शिट्टी झाली. बायका घमेली उचलून चालू लागल्या. तरी ती काठावर तशीच उभी.

"मावशे, सोड की," सहादेव म्हणाला.

बनुबाईनं मिटलेली मूठ गालाला लावली होती.

"सोडते रं," ती म्हणाली. "जरा गार लागतंय."