मिटलेल्या मुठी

कोच स्टॅनिक गिलियमच्या मनगटावरची बॉक्सिंगच्या ग्लोव्हजची नाडी सोडायला लागला, तसा गिलियम हळूच म्हणाला, "राहू द्या ना, कोच."

"वेडबिड लागलंय का? सामन्यातही हेच घालून येणार आहेस?" म्हणत स्टॅनिकनं दोन्ही ग्लोव्हज ओढून काढले.

सकाळपासून या अमेरिकन फुटबॉल संघातली बचावाची सगळी मंडळी असले गुबगुबीत लाल ग्लोव्हज घालून धावत होती. झेलणाऱ्याचा शर्ट धरावासा वाटला तरी धरता येऊ नये, म्हणून ही युक्ती. नियमच तसे झाले होते. पहिल्या पाच यार्डांत काय धक्काबुक्की करायची ती करून घ्या. त्यापुढे झेलणाऱ्याला धरलं की पंचाचा दंडाचा पिवळा रुमाल गवतावर पडलाच. फेकणारा राजा, झेलणारा राजाचा जावई, आणि बचाववाल्यांनी हात आवरून त्यांच्या मागे पळायचं. लोकांना लांब फेकी हव्या असतात. फेक अडवलेली बघायला तिकीट कोण काढतो?

आज सरावाचा शेवटचा दिवस. चार वाजायच्या आत सदतीस जणांना घरी धाडायचं होतं आणि गिलियमच्या जागेवर एकालाच ठेवणार होते. निरोप द्यायचं काम विन्सकडे. त्याला सगळे तुर्क म्हणत. का, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. आवाज मऊ, चाल सावकाश. "मोठ्या कोचनी बोलावलंय. डावपेचांचा टॅबलेट जमा करायला घेऊन ये." एवढंच म्हणायचा, आणि माणसाची कारकीर्द संपायची. मैदानाच्या कडेला त्याचे पांढरे बूट दिसत होते. गिलियम त्यांच्याकडे बघत नव्हता, पण ते कुठे आहेत हे त्याला सतत कळत होतं.

तरी खरी भीती तुर्काची नव्हती. स्वतःच्या बोटांची होती. गेल्या गुरुवारी चेंडू त्याच्यापासून चांगला दहा हात लांब होता, आणि बोटांनी आपणहून समोरच्याची बाही धरली. पिवळा रुमाल पडला तेव्हा कुठे त्याला कळलं. नऊ वर्षं याच बोटांनी त्याला पोसलं होतं. आता ती त्याचं ऐकत नव्हती.

"काय काका," समोरून लूमिस ओरडला. झेलणाऱ्यांतला नवा, बावीस वर्षांचा, वाऱ्यासारखा पळणारा. "बोटं आणलीत ना? की काकूंकडे ठेवून आलात?"

सगळे हसले. गिलियमही हसला.

पट्ट्यापट्ट्यांच्या शर्टातले म्हातारे पंच पेल्की मुद्दाम नियम समजावायला आले होते. ते जवळ येऊन मायेनं म्हणाले, "मी तुझ्या हातांकडेच बघणार आहे हं, गिलियम."

"बघा, साहेब."

शिट्टी वाजली. लूमिस सुटला. गिलियमनं पाच यार्डांच्या आत त्याला खांद्यानं एक धक्का दिला आणि दोन्ही मुठी आवळल्या. नखं तळव्यात रुतली तरी सोडल्या नाहीत. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात; त्याचं तर सगळंच त्या मुठींत होतं. दहा यार्ड. वीस. लूमिसची कंबर किंचित वळली आणि चेंडू कुठे येणार ते गिलियमला लूमिसच्याही आधी उमगलं. तो पुढे घुसला. या उन्हाळ्यात पहिल्यांदाच तो पुढे होता आणि लूमिस मागे.

चेंडू सरळ त्याच्याच छातीवर येत होता.

सराव बघायला मैदानाशेजारच्या टेकाडावर बसलेली माणसं उठून उभी राहिली. "धर!" स्टॅनिक घसा फोडून ओरडला. "धर, धर, अरे धर!"

चेंडू मिटलेल्या मुठींवर आपटला, वर उडाला आणि मागून येणाऱ्या लूमिसनं तो एका हातानं अलगद झेलला. तो पळतच राहिला.

पिवळा रुमाल पडला नाही. पेल्कींनी दोनदा मान डोलावली.

"शाबास!" ते म्हणाले. "याला म्हणतात स्वच्छ खेळ."

स्टॅनिकनं टोपी काढली आणि तो तिच्या आत बघत राहिला.

गवतावरून पांढरे बूट सावकाश चालत आले. बूट गिलियमसमोर थांबले. विन्सनं नेहमीचं वाक्य म्हटलं नाही. नुसता हस्तांदोलनासाठी हात पुढे केला.

गिलियमनं खाली पाहिलं. मुठी अजून आवळलेल्याच होत्या. तो उघडायला गेला, उघडेनात.

विन्स हात तसाच पुढे धरून उभा राहिला.

"सोड आता, पोरा," तो म्हणाला. "आता कुणी रुमाल टाकणार नाही."