दोन काचपट्ट्या
शेजारच्या कारखान्याच्या हादऱ्यांनी आमची भिंत तडकली, म्हणून बाबांनी दावा ठोकला. तडा वाढतोय का ते बघायला इंजिनिअरने त्यावर दोन काचपट्ट्या चिकटवल्या. एक हॉलमध्ये, दुसरी आतल्या खोलीत कपाटामागे. “भिंत सरकली की काच तुटेल,” म्हणाला. बाबा उठसूट हॉलमधली काच बघायचे, पण ती काही तुटेना. आज कोर्ट कमिशनर पाहणीला आले, तेव्हा ती फुटलेली होती. त्यांनी चष्मा वर केला. “काका, भिंत सरकली की काच सरळ चिरते. ही मधोमध ठेचलीय. हातोडी मारलीत?” बाबांची मान खाली गेली. कारखान्याचा वकील गालातल्या गालात हसला. सगळे गेल्यावर मला दुसरी आठवली. मी कपाट सरकवलं. मागची काच सरळ चिरली होती. “परत बोलावू त्यांना?” बाबांनी कपाट पुन्हा भिंतीला टेकवलं. “हीही मीच फोडली म्हणतील.”