कुलपाची मुदत

घड्याळबाईंनी संचालकांचं दार वाजवलं नाही, ढकललं.

"माझा तारा आहे तो!"

संचालकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. समोर आजचं वर्तमानपत्र होतं. पहिल्याच पानावर विझत चाललेल्या एका ताऱ्याचं चित्र, त्याच्याभोवती आजवर कुणी न पाहिलेलं धुळीचं कडं, आणि खाली शोध लावणाऱ्याचं नाव. संचालकांचं. सकाळीच बाईंच्या आईचा फोन आला होता. "तारा तुझाच ना गं? मग नाव तुझ्या साहेबांचं कसं?"

अवकाशातल्या दुर्बिणीनं कुठल्या दिवशी, किती वाजता, कुठे बघायचं याचं वेळापत्रक बाई बनवत, म्हणून त्या घड्याळबाई. अकरा वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या ताऱ्यांना वेळ वाटली. स्वतःसाठी तीन अर्ज नाकारले गेले, चौथ्याला सहा तास मिळाले. त्या सहा तासांची माहिती नियमानुसार एक वर्ष कुलूपबंद, फक्त बाईंसाठी. वर्ष सरलं की कुलूप उघडणार आणि कुणीही ती वाचावी. नेमक्या त्याच वर्षी खात्यातले दोघे नोकरी सोडून गेले. तिघांचं काम बाईंच्या गळ्यात पडलं. ती माहिती वाचायला चार वेळा त्यांनी रजा मागितली आणि चारही वेळा संचालक हसून म्हणाले, "तू नसलीस तर दुर्बीण आंधळी होईल गं." बाईही वेड्यासारख्या खूश होऊन जागेवर जाऊन बसल्या.

कुलूप सोमवारी उघडलं. आज शुक्रवार. म्हणजे हा माणूस तारखेवर डोळा ठेवून बसला होता.

"सगळं नियमात बसतं," संचालक साळसूदपणे म्हणाले. "मुदत संपली की माहिती सगळ्यांची. मी काय चोरी केली?"

"मला रजा कुणी दिली नाही?"

"ते वेगळं. काम होतं ना."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तेच वर्तमानपत्र संचालकांच्या तोंडावर फेकावं असं वाटलं. फेकलं असतं तर काही चुकलं नसतं.

"बरं, आलीच आहेस तर ऐक," ते म्हणाले. "येत्या गुरुवारी संध्याकाळी सभागृहात मी लोकांना हे चित्र दाखवणार आहे. पण बातमी वेगळी आणि शोधनिबंध वेगळा. निबंध छापल्याशिवाय शोध नावावर चढत नाही. आणि त्यातले आकडे अजून नीट लागत नाहीत. पुढच्या आठवड्यात याच ताऱ्यावर मला चार तास घाल. रांगेत थांबायला वेळ नाही, संचालक म्हणून माझी जी राखीव वेळ असते, तिच्यातून घे."

म्हणजे तोंडचा घास काढून घ्यायचा आणि वर तिलाच पाणी आणायला सांगायचं. बाईंनी मुठी आवळल्या. मग समोरची खुर्ची ओढून त्या बसल्या.

"घालते," त्या म्हणाल्या. "पण मला गुरुवारपासून पंधरा दिवस रजा हवी. आत्ता, सहीसकट."

एवढ्यावर भागतंय म्हटल्यावर संचालकांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी स्वतःच खणातून रजेचा अर्ज काढला, बाईंकडून भरून घेतला आणि खाली झोकात सही ठोकली.

"घे की! विश्रांतीची गरजच आहे तुला. कुठे जाणार?"

"कुठेच नाही. घरी कॉम्प्युटर आहे."

संचालकांचं हसू जागच्या जागी थांबलं. बाईंनी अर्जाची घडी घालून पर्समध्ये टाकली आणि चेन ओढली.

"राखीव वेळेतल्या माहितीला कुलूप नसतं, साहेब. दुर्बिणीवरून खाली उतरली की लगेच सगळ्यांची. गुरुवारी संध्याकाळी पाचला उतरेल अशी लावते. तुम्ही तेव्हा सभागृहात लोकांना चित्र दाखवत असाल. मी आकडे वाचत असेन."